काकींची वहिवाट

"चालतेस का?" एवढंच काकींनी मला विचारलं.

मी खोली बघायला गेले होते. मेलबर्नला येऊन थोडेच दिवस झाले होते आणि तोवर ज्या ज्या घरी गेले, तिथे माझी चांगली उलटतपासणी झाली होती. नॉनव्हेज खातेस का, कुठल्या शिफ्टला जाणार, मैत्रिणी येतात का, आंघोळीला वेळ किती लावतेस. एका घरात फक्त पत्रिका मागायची राहिली होती. म्हणून या वेळी मी सगळी उत्तरं पाठ करून आले होते. नेमकं या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

"चालते की," मी म्हटलं. "कॉलेजला, स्टेशनला..."

"ते नव्हे." त्या काठी टेकत उठल्या आणि मला स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात घेऊन गेल्या. अंगणात लिंबाचं झाड, कुंडीत कढीपत्ता, आणि मागच्या कुंपणाला एक लहानसं लाकडी फाटक. काकींनी त्याची कडी काढली. बाहेर मोकळं गवत होतं, निलगिरीची मोठी झाडं होती आणि त्यापलीकडे नदी. चहासारखं पाणी, वाहतंय की नाही हे नीट पाहिल्याशिवाय कळू नये असं संथ.

"हे फाटक, ते पाणी," काकी म्हणाल्या. "रोज उजेडी इथून तिथे जायचं. बाकावर जरा बसायचं. आल्या वाटेने परत यायचं. तू काय खातेस आणि कोणाला बोलावतेस ते तुझं तू बघ. चालण्याला मात्र सुट्टी नाही. पटत असेल तर बॅग आण."

बाईंचं डोकं जरा सटकलेलं दिसतंय, असं मला वाटलं. पण खोलीला खिडकी होती, हीटर होता आणि काकींच्या स्वयंपाकघरात कुळथाच्या पिठल्याचा वास सुटला होता. मी बॅग आणली.

ती वर्षं विद्यार्थ्यांची होती. प्रत्येक विमानातून आमच्यासारखे भरभरून उतरत होते आणि पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायचा परवाना, कशात लवकर मिळतो यावर कोण काय शिकणार हे ठरत होतं. मी साताऱ्याची बी.कॉम. झालेली मुलगी हेअरड्रेसिंग शिकायला आले होते. वडिलांनी गल्लीत मॅनेजमेंट असं सांगून ठेवलं होतं, आणि मी सुट्टीला गेले की लोक मला मंदीबद्दल विचारायचे. शेजारच्या खोलीतला मिलिंद नागपूरचा. तो खराखुरा मेकॅनिकल इंजिनीअर, इथे कुकरी, म्हणजे स्वयंपाक, शिकत होता. त्याच्या टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती होती आणि तिच्याशेजारी कॉलेजने दिलेल्या सुऱ्यांचा संच. तो कांदा इतका एकसारखा चिरायचा की काकी म्हणायच्या, "मेल्या, पूल बांधतोयस की कोशिंबीर?"

काकी म्हणायचं, काकू नाही. पहिल्याच दिवशी मी काकू म्हणाले तेव्हा त्यांनी दुरुस्त केलं होतं, "काकू तिकडे तुमच्या घाटावर. आमच्या रत्नागिरीकडे काकी." नवरा सत्तरच्या दशकात नोकरीसाठी इथे आला, त्याच्याबरोबर त्या आल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा दूर पश्चिम ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीला सोन्याच्या खाणीत इंजिनीअर होता. काकींचा वेश ठरलेला: सुती साडी, वर नवऱ्याचा राखाडी स्वेटर आणि पायांत गमबूट. या वेशात त्या मागच्या फाटकाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायच्या आणि आम्ही पाण्यापर्यंत खरंच जातोय का ते पाहायच्या. अर्ध्यातून परत फिरायची सोय नव्हती. मी एकदा थंडीला कंटाळून झाडाआड उभी राहिले आणि थोड्या वेळाने परत आले, तर काकी म्हणाल्या, "पाणी आज झाडाखाली आलं होतं वाटतं." मी निमूटपणे पुन्हा गेले.

कोकणातल्या माणसाला दाव्याची हौस असते असं मी ऐकून होते. काकींनी ती हौस जहाजातून की विमानातून माहीत नाही, पण जशीच्या तशी इथे आणली होती. शेजाऱ्याच्या बाजूला पडलेलं आपलं लिंबू कोणाचं, यावर त्या शेजाऱ्याशी शांतपणे आणि वर्षानुवर्षं भांडत आल्या होत्या. दोघांनाही त्यात इतकी गोडी होती की निकाल लागू नये याची दोघंही काळजी घ्यायचे. पोस्टमन त्यांच्या पुढच्या हिरवळीवरून तिरका जायचा. त्याला त्या जाऊ द्यायच्या, पण वर्षातून एक दिवस दारात उभं राहून त्याला फरसबंदीवरून वळसा घालायला लावायच्या. "रोज जाऊ दिलं तर उद्या म्हणेल माझी वहिवाट आहे," त्या मला समजावून सांगायच्या. पोस्टमन बिचारा "नो वरीज, लव्ह" म्हणत हसत वळसा घालायचा. त्याला तो भारतातला एखादा सण वाटत असावा.

वहिवाट हा काकींचा देव होता. त्यांचं माहेर खाडीच्या काठी. घरापासून खाडीपर्यंतची पायवाट चुलत घराच्या आवारातून जायची. सगळी आळी त्या वाटेने जायची, कालवं काढायला, कपडे धुवायला, गणपतीच्या विसर्जनाला. मग आळीत नळ आले, मुलं मुंबईला गेली आणि वाटेवरची वर्दळ आटली. एका वर्षी पावसाळाभर काकींचे वडील तापाने पडून होते. वाटेवर रान माजलं. पावसाळा सरल्यावर चुलत्याने तिथे चिऱ्यांचा गडगा घातला. जाब विचारायला गेले तर म्हणाला, "वाट? कुठे आहे वाट? दाखवा." आणि दाखवायला खरंच काही नव्हतं. दावा लागला. वडील गेले तरी दावा चालूच राहिला. काकी लग्न होऊन माहेराहून निघाल्या तेव्हा खाडी पाहायला त्यांना पार बसस्टँडवरून वळसा घालून जावं लागलं होतं. ही गोष्ट त्या चिडून सांगत नसत. भाजी निवडता निवडता सांगायच्या, आणि शेवटी ठरलेलं वाक्य म्हणायच्या, "एक पावसाळा, बघ. एकच पावसाळा कोणी गेलं नाही."

मी रोज जाऊ लागले, आणि नुसतं बसून कंटाळा यायला लागला म्हणून एक दिवस कात्री घेऊन गेले. केस कापायची प्रॅक्टिस मला हवीच होती. पहिलं गिऱ्हाईक मिलिंद. निलगिरीखालच्या बाकावर त्याला बसवून, गळ्याला काकींची जुनी चादर बांधून मी त्याचे केस कापले. ते इतके वाईट झाले की आठवडाभर तो कॉलेजच्या किचनमध्ये शेफची टोपी काढायलाच तयार नव्हता. काकी फाटकातून ओरडायच्या, "कानामागे जास्त घेऊ नकोस गं!" हळूहळू हात बसला. आजूबाजूच्या घरांतले विद्यार्थी यायला लागले. तिथे रोज गळ टाकून बसणारे एक व्हिएतनामी आजोबा होते. ते आमच्याशी कधी बोलायचे नाहीत. एक दिवस ते आले, काही न बोलता चादर स्वतःच्या गळ्याभोवती गुंडाळली आणि बाकावर बसले. मी कापले. ते उठले, डबक्यात स्वतःचं रूप पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा गळाशी जाऊन बसले. माझ्या धंद्यातलं ते पहिलं सर्टिफिकेट.

खाली पडलेले केस मॅगपाय पक्षी घरट्यासाठी उचलून न्यायचे. काकींना त्याचं फार समाधान. "बघ, तेही वापरतात," म्हणायच्या.

मग ते वाईट वर्ष आलं. आपल्या मुलांना स्टेशनवर, रस्त्यात मारहाण झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. इथे जेवढं होत होतं त्याच्या कितीतरी पट तिकडच्या टीव्हीवर दिसत होतं, पण इथलंही खोटं नव्हतं. आमच्या कॉलेजातल्या एका मुलाचा जबडा फ्रॅक्चर झाला. आईचा रोज फोन यायचा, "बाहेर पडू नकोस, पार्कात तर मुळीच जाऊ नकोस." मी काकींना सांगून टाकलं की आता मी जाणार नाही. मिलिंदही गेला नाही. काकी नुसत्या भाजी निवडत राहिल्या. याचंच मला आश्चर्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला फाटकाची कडी वाजलेली ऐकू आली. खिडकीतून पाहिलं तर काकी वॉकर ढकलत गवतातून निघाल्या होत्या. त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. घरातल्या घरात बाथरूमपर्यंत जाताना त्या भिंत धरायच्या. मी चपला न घालताच धावले.

"काकी, अहो गुडघे!"

"मग काय करू? तुमचे चांगले पाय तुम्ही कुलपात ठेवलेत. मला आपले हेच आहेत."

"भीती वाटते हो मला."

त्या थांबल्या. धाप लागली होती. "भीती वाटते ती खोटी नाही," त्या म्हणाल्या. "मला कळत नाही असं समजू नकोस. एकटी जाऊ नको. दोघं जा, चौघं जा, लख्ख उजेडी जा. पण जायचंच बंद केलंस, तर त्यांना आणखी काही करावं लागत नाही गं. जागा आपोआप त्यांची होते."

मी त्यांचा दंड धरला आणि आम्ही पाण्यापर्यंत गेलो. खूप वेळ लागला. काठाशी गेल्यावर त्यांना वाकता येईना, म्हणून मी ओंजळीत पाणी घेतलं आणि त्यांच्या हातावर सोडलं. त्यांनी तो ओला हात गालाला लावला. मी त्या घरात राहायला आल्यापासून त्यांना पाण्याशी पहिल्यांदाच पाहत होते. भाडेकरू ठेवताना या बाई फक्त पायांची चौकशी का करतात, ते मला तिथे कळलं. मला त्यांची इतकी माया वाटली की साताऱ्याच्या आजीचीही कधी तेवढी वाटली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी आणि मिलिंद जोडीने जायला लागलो. आईला मी सांगितलं नाही.

नोटीस लागली ती त्यानंतर काही महिन्यांनी. पार्काला लागून एक बंद पडलेला कारखाना होता. तो एका बिल्डरने घेतला होता आणि तिथे फ्लॅट बांधायचे होते. तेवढं ठीक होतं. पण त्याला नदीकाठची पार्काची पट्टीही कौन्सिलकडून लांब मुदतीच्या भाड्याने हवी होती. तिथे रेस्टॉरंट आणि फ्लॅटवाल्यांसाठी खासगी जेटी होणार होती, आणि भोवती कुंपण. काकींच्या फाटकाबाहेर पाच पावलांवर ते कुंपण येणार होतं. नोटिशीत त्या पट्टीला "अंडर-यूटिलाइज्ड लँड" म्हटलेलं होतं. मिलिंदने अर्थ सांगितला, "कमी वापरातली जमीन."

काकी आधी हसल्या. मग त्यांनी नोटीस पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "कुठे आहे वाट, दाखवा. तेच म्हणतोय ना हासुद्धा?"

त्या रविवारी मुलाचा कालगुर्लीहून फोन आला. तो दर रविवारी तेच म्हणायचा, "आई, घर विक आणि इकडे ये." काकी दर रविवारी विचारायच्या, "तिथे पाणी आहे का?" तो म्हणायचा, "आहे ना." आणि त्या म्हणायच्या, "पाइपातलं नव्हे रे." कालगुर्लीला पिण्याचं पाणीसुद्धा पर्थकडून शेकडो मैल पाइपातून येतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण त्या रविवारी त्या वेगळंच बोलल्या. "ही वाट बंद झाली तर येईन," त्या म्हणाल्या. "नुसतं कुंपण बघत बसायचं असेल तर ते तुझ्याकडेही असेलच." फोन ठेवल्यावर त्यांनी गमबूट काढले आणि बराच वेळ हातात धरून बसल्या. काकी गंमत करत नव्हत्या. वाट गेली की त्याही जाणार होत्या.

मोफत सल्ला देणारी एक वकीलबाई आठवड्यातून एकदा लायब्ररीत बसायची. तिच्याकडे आम्ही काकींना घेऊन गेलो. काकींनी मोठ्या आत्मविश्वासाने सगळं सांगितलं: इतकी वर्षं वापर, अखंड वापर, उघड वापर, कोणाची आडकाठी नाही. वकीलबाई तरुण होती, स्वभावाने चांगली होती. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की कौन्सिलच्या जमिनीवर असा हक्क तयार होत नाही. लोक कितीही वर्षं चालले तरी नाही. तुम्ही आक्षेप नोंदवा, पण यावर भिस्त ठेवू नका.

परतल्यावर काकी थेट आपल्या खोलीत गेल्या. संध्याकाळी जेवायला उठेनात. इतक्या वर्षांचं त्यांचं सगळं, आम्हा सगळ्या भाडेकरूंचं ते रोजचं जाणं-येणं, एका वाक्यात फुकट गेलं होतं.

मिलिंदने वरणभात केला आणि त्यांच्यापुढे ताट ठेवून समोर बसला. "काकी, एक बोलू का? राग मानू नका."

"बोल."

"तुमची वहिवाट मला पहिल्या दिवसापासून पटलेली नाही."

काकींनी मान वर केली.

"माझ्या पणजोबांच्या गावात तळं होतं. सगळ्या गावाचं. आमची माणसं तिथलं पाणी भरायला गेली तर गाव काय म्हणाला माहीत आहे? तुमची इथे वहिवाट नाही. कधीच नव्हती. ते खरंही होतं. शेकडो वर्षं आम्हाला येऊच दिलं नव्हतं, तर वहिवाट कुठून असणार? पणजोबांनी तरी पाणी प्यायलं. मार खाल्ला, पण प्यायलं. म्हणजे काकी, जो रोज चालतो त्याचीच वाट असं नसतं. जो कधीच आलेला नाही त्याचीही असते. सगळ्यांची म्हणजे सगळ्यांची."

मला वाटलं आता काकी चिडतील. त्यांनी ताट पुढे ओढलं. चार घास खाऊन म्हणाल्या, "आमच्या आळीतल्या त्या वाटेवरून सगळी आळी जायची, असं मी तुम्हाला सांगत आले. सगळी नव्हती जात." आणि थोड्या वेळाने, "वरणात हिंग कमी आहे."

कौन्सिलने जागेची पाहणी ठेवली. काही सदस्य आणि बिल्डरचा माणूस येऊन पट्टी बघणार, मग निर्णय. ही बातमी विद्यार्थ्यांत पसरली आणि सगळ्यांना जोर चढला. पंजाबी मुलं ढोल आणणार होती. कोणी बॅनर रंगवले. महाराष्ट्र मंडळाच्या बायका नऊवारीत यायला तयार झाल्या. नव्वद टक्के लोकांनी तो पार्क आधी कधी पाहिलाही नव्हता.

काकींनी सगळं मोडून काढलं. "जत्रा भरवलीत तर ते म्हणतील हे आजच आले. खरंच आजच आलेले असणार. रोज जे होतं तेच होऊ दे."

"पण काकी, रोज तर कितीसे लोक असतात?" मी म्हटलं. "रिकामं दिसेल."

"दिसू दे. खोटं दाखवून मिळालं तर ते टिकत नाही."

मला वाटलं, झालं, आता कालगुर्लीची तयारी करा.

पाहणीच्या दिवशी आदल्या रात्रीपासून पाऊस. आता थांबला होता, पण गवतात नुसता रेंदा झाला होता. नेहमीची येणारी चार मुलंसुद्धा आली नाहीत. व्हिएतनामी आजोबा गळ टाकून बसले होते. मी ओल्या बाकावर प्लास्टिकची पिशवी टाकून मिलिंदचे केस कापत होते. फाटकात खुर्चीवर काकी. बस, एवढाच आमचा समुदाय.

कारपार्ककडून मंडळी आली. कौन्सिलचे तिघं, त्यांत एक उंच, पिकल्या केसांच्या बाई पुढे, आणि बिल्डरचा माणूस चकचकीत टोकदार बूट घालून, हातात नकाशा. पाण्याच्या कडेने तो आमच्याजवळ आला तेव्हा सांगत होता, "ॲज यू कॅन सी, हार्डली एनीवन. अँड दीज आर जस्ट स्टुडंट्स. दे कम, दे गो."

मिलिंद गळ्यातली चादर न काढता म्हणाला, "यू आर राइट, मेट. वी विल गो. द पार्क शुड स्टे."

माझी कात्री सटकली आणि मिलिंदच्या मानेवर एक पायरी पडली. ती पुढे महिनाभर दिसत होती.

पिकल्या केसांच्या बाईंना फाटकात बसलेल्या काकी दिसल्या. काकींनी हात हलवून बोलावलं. बाई निघाल्या, मागोमाग बाकीचे. आणि तेव्हा मला ते दिसलं. सगळे एका ओळीत चालत होते. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. पाण्यापासून काकींच्या फाटकापर्यंत आमच्या पावलांनी दाबलेली हातभर रुंदीची घट्ट पट्टी गेली होती, झाडाला वळसा घालून, खोलगट जागा टाळून. दोन्हीकडे चिखल आणि मध्ये ती. बिल्डरचा माणूस सगळ्यात मागे, बूट सांभाळत, नेमका त्या पट्टीवर पाऊल ठेवत आला.

काकींनी त्यालाच गाठलं. "सर, हाऊ यू केम हिअर?"

"वी वॉक्ड," तो म्हणाला.

"ऑन व्हॉट?"

त्याने खाली पाहिलं. पिकल्या केसांच्या बाईंनीही पाहिलं. मग त्यांनी त्याच्या हातातला नकाशा घेतला. नकाशात तिथे नुसता हिरवा रंग होता. त्यांनी पुन्हा जमिनीकडे पाहिलं आणि त्या मोठ्याने हसल्या. "सो धिस इज युअर पाथ?" त्यांनी काकींना विचारलं.

आयुष्यभर काकी या प्रश्नाची वाट पाहत होत्या. हो म्हणायचा अवकाश होता. त्यांनी मंडळींच्या मागे मिलिंदकडे पाहिलं. तो अर्धे केस कापलेला, चादर गुंडाळलेला, माझ्यासोबत मागून येऊन उभा होता.

"नॉट माइन," काकी म्हणाल्या. "एव्हरीबडीज." मग टोकदार बुटांकडे बोट करून, "हिज ऑल्सो. ही जस्ट यूज्ड."

पट्टी दिली नाही. ठराव बारगळला. कोणी म्हणालं बाजार पडल्यामुळे बिल्डरनेच अंग काढून घेतलं, कोणी म्हणालं त्या बाई कौन्सिलमध्ये अडून बसल्या. काकींना विचारलं तर त्या म्हणायच्या, "कारण काही असो. चालायचं थांबवू नका." फ्लॅट झाले, पण कारखान्याच्या जागेत. कौन्सिलने नदीच्या कडेने सिमेंटची छान वाट केली. ती काकींच्या फाटकाकडे वळत नव्हती, त्यामुळे आमची मातीची वाट होती तशी राहिली. काकींना सिमेंट आवडलं नाही. "त्यावर कोण चाललं ते कळत नाही," म्हणाल्या.

आम्ही गेलो. बिल्डरच्या माणसाचं तेवढं खरं ठरलं. मिलिंदला शेफ होणं कधीच जमलं नाही. तो कॅनबेराला सरकारी नोकरीत लागला आणि तिथल्याच गुंगालिनला राहतो. मी मेलबर्नच्याच कडेला, ट्रुगानिनाला. माझं सलून आहे, पाच खुर्च्यांचं. आमच्यामागून काकींकडे दुसरी मुलं आली, त्यांच्यामागून आणखी. सगळ्यांना तोच एक प्रश्न.

मग काकी एकदा अंगणात पडल्या आणि मुलगा त्यांना कालगुर्लीला घेऊन गेला. त्या तिथून आम्हा जुन्या भाडेकरूंना फोन करायच्या. तब्येतीचं विचारलं तर टाळायच्या. "वाट चालू आहे ना?" हे आधी. मी म्हणायचे, "आहे, काकी." "गवत?" "नाही वाढलं." मग त्या तिथल्या लाल मातीबद्दल बोलायच्या. कोकणातल्यासारखीच लाल आहे म्हणायच्या, फक्त ओली नाही. त्या गेल्याचं मुलाने फोन करून सांगितलं तेव्हा मी गिऱ्हाइकाचे केस अर्धवट सोडून मागच्या खोलीत जाऊन रडले.

घर विकलं गेलं. नव्या मालकांनी मागे उंच पत्र्याचं कुंपण घातलं आणि फाटक काढून टाकलं. त्यांचा हक्कच आहे, घर त्यांचं. मी अधूनमधून मुलीला घेऊन तिकडे जाते. आमच्या घराजवळ नवा पार्क आहे, त्यात घसरगुंड्या आहेत, त्यामुळे एवढ्या लांब कशाला जायचं हे तिला समजत नाही. मागच्या हिवाळ्यात गेलो तेव्हा पाऊस पडून गेला होता. मधे बरेच महिने मला जमलं नव्हतं. वाट बुजली असणार अशी मनाची तयारी करूनच मी गेले होते.

बाकापासून निघालो. झाडाला वळसा, खोलगट जागा टाळून पुढे. लेक मागून बडबडत येत होती. पत्र्यापाशी आल्यावर ती थांबली. "मम्मा, धिस पाथ डझन्ट गो एनीव्हेअर. देअर इज नो गेट."

"हो," मी म्हटलं.

"देन हू वॉक्स हिअर?"

मी खाली पाहिलं. पत्र्यापर्यंत गवताची एक काडी नव्हती. चिखलात बुटांचे ठसे होते, वेगवेगळ्या मापांचे, कुंपणापर्यंत आलेले आणि तिथूनच मागे वळलेले. त्यांतली फक्त दोन मापं आम्हा दोघींची होती.